माळ्यावरचं सामान भंगारात घालण्याआधी

पहिली गोष्ट, घासू नका. माळ्यावरून जुनं काही खाली आलं की कुणीतरी लगेच काथ्या आणि राख घेऊन बसतं, लोखंड असेल तर पॉलिश पेपर मारतं. वस्तू चकचकीत होते आणि तिच्यावरचे आकडे जातात. मग ती माझ्याकडे आणून उपयोग नाही.

मी मालवणात शिलाई मशिनी दुरुस्त करतो. वडिलांपासूनचं दुकान. मे महिन्यात आणि गणपतीच्या तोंडावर मुंबईकर मंडळी गावी येतात, घराची साफसफाई निघते आणि मशिनी यायला लागतात. "ह्यां चलता काय बघा, नाय तर भंगारवाल्याक देवन टाकतंव," हे ठरलेलं वाक्य. मशीन टेबलावर ठेवून झालं की फोनवर घरातल्या बाकीच्या सामानाचे फोटो दाखवतात. गर्डर, बशा, राणीछाप रुपये. त्यातून या सगळ्याचं वय काढायची मला खोड लागली. कसं काढायचं ते लिहितो, म्हणजे निम्मं काम तुम्ही घरीच कराल.

लागणारं सामान थोडं आहे. टॉर्च, कापूस, मशीनचं तेल, पातळ कागद, मऊ पेन्सिल आणि लोहचुंबक. पूर्वी रॉकेल सांगायचो, आता ते कुणाच्या घरात नसतं. तेलाचा बोळा आकड्यांवर थोडा वेळ ठेवून द्या, मग फडक्याने टिपा, रगडू नका. खोबरेल अजिबात नको. ते सुकलं की चिकट थर बसतो आणि धूळ धरतो. अक्षर दिसत नसेल तर खोलीत अंधार करा आणि टॉर्च वस्तूला जवळजवळ टेकवून आडवी धरा. सावलीमुळे कोरलेलं उठून दिसतं. तरीही जमलं नाही तर वर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा.

आता मशीन. आपल्या भागात जुनं मशीन म्हणजे बहुतेक सिंगर. पाट्यावर उजव्या हाताला, फिरवायच्या चाकाजवळ नंबर असतो. नुसते आकडे असतील, अक्षर नसेल, तर मशीन १९०० च्या आधीचं. आकड्यांआधी इंग्रजी एफ असेल तर साधारण १९१० चं दशक. वाय असेल तर १९२० नंतरचं, १९३५ पर्यंतचं. १९३५ पासून ई आणि त्याला जोडून आणखी एक अक्षर, अशी जोडी येते. ही सगळी अक्षरं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याची. ग्लासगोच्या शेजारी, क्लाइड नदीच्या काठी, १८८५ मध्ये हा कारखाना चालू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. कंपनी अमेरिकेची, पण आपल्याकडे आलेली मशिनी मुख्यतः तिथली, कारण इंग्रजांच्या राज्यातल्या बाजारपेठा तिथून पुरवल्या जायच्या. इंग्रजी 'जी' (G) हे अक्षर असेल तर मात्र अमेरिकेतल्या न्यू जर्सीचं. तसं क्वचित बघायला मिळतं.

नंबर नाहीच वाचता आला तर खालची सरकपट्टी उघडा. आत होडीसारखं लांब शटल असेल तर मशीन जुन्या पद्धतीचं. गोल बॉबिन असेल तर बहुधा नंतरचं. हा अंदाज कच्चा, कारण दोन्ही तऱ्हेची मशिनी बरीच वर्षं एकाच वेळी बनत होती. आणि बिडाच्या पायट्यावर, म्हणजे मशीनखालच्या ओतीव लोखंडाच्या स्टँडवर, मोठ्या अक्षरात नाव आहे म्हणून वरचं मशीन त्याच्याच बरोबरचं असं धरू नका. पायटा एका घरचा आणि मशीन दुसऱ्या घरचं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कुणाला सांगत पण नाही.

आचऱ्याकडच्या एका घरातलं मशीन आलं होतं. घरचे म्हणत होते, आजीच्या लग्नातलं, म्हणजे १९१२ च्या आसपासचं. नंबरावर खिडक्यांना लावतात तो हिरवा ऑइलपेंट चढलेला. रात्रभर तेलाचा बोळा ठेवला, सकाळी बांबूच्या काडीने कोपऱ्यापासून रंग उचलला. पहिलंच अक्षर निघालं ते वाय. म्हणजे १९२० च्या आधी ते मशीन जगातच नव्हतं. बरोबर आलेल्या सूनबाई जरा नाराज झाल्या. मी विचारलं, आजोबा काय करायचे? गिरणीत, परळला, साचा खात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात. कधी लागले? लग्नानंतर सात-आठ वर्षांनी. आता हिशेब बसला. मशीन हुंड्यातलं नव्हे, पगारातलं. सिंगर हप्त्याने मिळायचं, महिन्याच्या महिन्याला पगार असणाऱ्या माणसालाच ते परवडायचं, आणि आपल्याकडे असा पगार म्हणजे मुंबईची गिरणी.

म्हणून माझं म्हणणं असं की वस्तूचं साल काढलं की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: त्या साली या घरातून मुंबईला कोण होतं? विलायती सामान आपल्या घरात साहेबाने आणून ठेवलेलं नाही. ते चाकरमान्याने बोटीतून आणलं. कोकण रेल्वे पूर्ण चालू झाली १९९८ मध्ये; त्याच्या आधी घाट नाही तर समुद्र. जड सामान मुंबईहून आगबोटीने यायचं. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं नि सामान पडावात उतरवून किनाऱ्याला आणायचे. बिडाचा पायटा पडावातून उतरवणारे कोण असतील त्यांना नमस्कार.

गिरण्यांचं थोडं सांगतो, कारण त्याशिवाय सालांचा अर्थ लागत नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. सूत कातायच्या चात्या, कापड विणायचे साचे, इंजिनं सगळं इंग्लंडमधून, मुख्यतः लँकेशायरमधून. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं तर मुंबईच्या कितीतरी गिरण्यांत होती. गंमत बघा, लँकेशायरचे यंत्रवाले आपल्याला यंत्रं विकत होते आणि तिथलेच कापडवाले आपल्या कापडावर कर बसवा म्हणून सरकारच्या मागे लागले होते. १८९६ पासून मुंबईच्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली, ती १९२५ मध्ये उठली. म्हणजे एफवालं मशीन ज्या आजोबांनी हप्त्याने घेतलं, त्यांनी विणलेल्या प्रत्येक वारावर हा कर जात होता. याला व्यापार म्हणायचं तर म्हणा.

माळ्यावर एखादा धोटा सापडतो, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारी वस्तू. गुळगुळीत लाकडी, दोन्ही टोकांना धातूची टोपी. मुलं त्याची होडी करून खेळायची. फेकू नका, बाजूवर बनवणाऱ्याचं नाव दाबलेलं असतं, टॉर्च लावून बघा. त्याच्याबरोबर गिरणीचे कागद असले तर कामगाराचा तिकीट नंबर आणि खातं टिपून ठेवा. १८ जानेवारी १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांचे बरेचसे कागद कुठल्या कुठे गेले. घरातली चिठ्ठीच कधीकधी एकमेव पुरावा असते. आणखी एक, जुन्या कागदावर जिल्हा रत्नागिरी लिहिलेला बघून, "हे आपलं नव्हे" म्हणून बाजूला टाकू नका. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी मालवण, वेंगुर्ला, कणकवली सगळं रत्नागिरीतच.

गर्डर आणि कौलं झटपट सांगतो. गर्डरच्या पोटावर उठावाची अक्षरं असतात, चुन्याखाली दडलेली. डॉर्मन लाँग, मिडल्सबरो, इंग्लंड असं वाचलंत तर ती विलायती तुळई, सिडनीच्या पुलाचं पोलाद पुरवणाऱ्या कंपनीची. टाटांचं नाव असेल तर १९१२ च्या नंतरची, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हा निघायला लागलं. कौल उलटं करून बघा. बासेल मिशनच्या कौलावर १८६५ असेल तर आनंदाने उडी मारू नका, ते मंगळुरात कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, पुढची कित्येक वर्षं तोच छाप चालला. मिशन जर्मन-स्विस लोकांचं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून ते कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे दिले. छपरात कॉमनवेल्थचं कौल असेल तर ते युद्धानंतर घातलेलं.

बशांच्या पाठीवर बघायचं. चौकट तिरकी उभी करून चारी कोपऱ्यांत अक्षरं-आकडे असा छाप असेल तर ते डिझाइन १८४२ ते १८८३ मधलं. आर डी नंबर, म्हणजे डिझाइनच्या नोंदणीचा नंबर, असेल तर १८८४ किंवा नंतरचं. नुसतं इंग्लंड असेल तर बहुधा १८९१ नंतरचं, कारण अमेरिकेने तेव्हापासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि इंग्रज कारखानदार सगळ्याच मालावर ते छापायला लागले. मेड इन इंग्लंड असेल तर विसाव्या शतकातली धरा. टवका उडालेली बशी गोंदाने चिकटवायला जाऊ नका.

रुपयांवर थोडा वेळ काढा, कारण फसवाफसवी इथेच जास्त होते. देवाच्या करंड्यात, लक्ष्मीपूजनाच्या डबीत जे राणीछाप असतात त्यावर विक्टोरिया क्वीन असेल तर १८७६ पर्यंतचा, एम्प्रेस असेल तर १८७७ पासूनचा. १८६२ साल असलेला रुपया १८६२ चाच असेल असं नाही; टांकसाळीने तेच साल पुढे १८७४ पर्यंत ठेवलं होतं. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया सापडला तर राजाच्या झग्यावरचा हत्ती भिंगातून बघा. लोकांना तो डुकरासारखा दिसला, आरडाओरडा झाला, तेव्हा टांकसाळीने पुढच्या वर्षी हत्ती बदलला. चांदी किती ते असं: जुना रुपया एक तोळा वजनाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. आणि १९४७ चा वाघछाप रुपया चक्क निकेलचा, चुंबकाला चिकटतो. त्याच्या आधीचा चांदीचा रुपया चुंबकाला चिकटला तर तो खोटा आहे, सोनाराकडे जायचे कष्टसुद्धा घेऊ नका. कडी लावून गळ्यात घातलेल्या रुपयाला जमवणारे कमी किंमत देतात, पण कडी काढायला जाऊ नका, डाग राहतो. आमसुलाचं पाणी समईला लावा, नाण्याला नको. जमवणाऱ्याला काळपट रुपयाच हवा असतो.

सगळं झालं की एका वहीत लिहा: वस्तू, नंबर जसा दिसला तसा, त्यावरून निघालेलं साल, आणि घरात त्या वेळी मुंबईला कोण होतं. शेवटचा रकाना घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारून भरा. वस्तू बनल्याचं साल आणि घरात आल्याचं साल एकच असेल असं नाही. चोरबाजारातून सेकंडहँड घेतलेली मशिनी आपल्याकडे भरपूर आहेत. म्हणून दोन सालं वेगळी लिहा, पहिलं नंबरावरून आणि दुसरं ऐकून. दोन्हींत वीस-पंचवीस वर्षांचं अंतर पडलं तरी खाडाखोड करू नका.

विकायचंच असेल तर किलोवर देऊ नका. भंगारवाला बिडाचा पायटा वजनावर घेतो आणि शहरात त्याचं हॉटेलातलं टेबल होतं. शंभर वर्षांवरच्या वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरातन धरल्या जातात आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, हे परदेशी असलेल्या मुलांना आधीच सांगून ठेवा.

ठेवायचं असेल तर मृगाच्या आधी मशीनला तेल द्या, चाक हाताने दोन-चार वेळा फिरवा, वर सुती कापड टाका. प्लॅस्टिक घालू नका, आत घाम धरतो आणि गंज चढतो. आणि दुकानात आणायचं तर मे महिन्यात आणा. श्रावणात गणपतीच्या कपड्यांसाठी टेलरांची मशिनी रांगेत असतात, तेव्हा तुमच्या आजीच्या मशीनला मी हात लावणार नाही.