गोधडीचा भाव टाक्यावरून काढायचा

गोधडीची मजुरी नगावर ठरवली की तोटा शिवणारीला होतो. दोन गोधड्या लांबून सारख्या दिसतात, पण एकीत दुसरीच्या दुप्पट धावदोरा असू शकतो. म्हणून बचत गटाने आधी टाका मोजायला शिकावं.

नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की साडेसहा फूट लांब, पावणेचार फूट रुंद अशी एकट्या माणसाची चौघडी होते. ओळींत अर्धा इंच अंतर ठेवलं तर तिच्यात सुमारे 180 मीटर धावदोरा बसतो, एक इंच ठेवलं तर 90. आता गटातल्या चार-पाच जणींना घड्याळ लावून तासभर शिवायला बसवा. सुई ओवायचा वेळही त्यातच धरायचा. सगळ्यात चपळ हाताचा आकडा घेऊ नका, मधला घ्या.

समजा तासाला 5 मीटर निघाले, तर 36 तास झाले. धुणं, घड्या बसवणं, कच्चे टाके, काठ यांचे 6 तास. एकूण 42. रोजगार हमीचा दर 2024-25 मध्ये राज्यात दिवसाला 297 रुपये होता, त्याच्या खाली जायचंच नाही. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला सुमारे 37 पडतात. आपण 40 धरले तर मजुरी 1680. कापड-दोऱ्याचे 300 धरा, वर गटाच्या गंगाजळीचे 10 टक्के म्हणजे 198. घाऊक भाव झाला 2178. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं तर तासाचा दर तोडू नका, ओळी एक इंचावर न्या. काम 24 तासांत होतं, मजुरी 960 वर येते. गोधडी स्वस्त झाली, पण बाईचा तास स्वस्त झाला नाही.

माल परत येतो तो बहुतेक तीन कारणांनी. एक, रंग जातो. लाल आणि गडद निळ्या लुगड्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, डाग पडला तर ते कापड बाजूला काढा. दोन, सुती कापडात सिंथेटिक साडी घातलेली असते. पहिल्या धुण्यात सुती आटतं, सिंथेटिक तसंच राहतं आणि गोधडीला फुगे येतात. कापड एकाच जातीचं घ्या, तेही धुऊन वाळवलेलं. तीन, मधोमध झोळ पडतो. काठाकडून कच्चे टाके घेत आत गेलं की जादा कापड मध्ये साचतं. कच्चे टाके मधून काठाकडे घ्यायचे, वीतभर अंतराने. जुन्या लुगड्याचा बसून विरलेला भाग आतल्या थरात टाका, वर ठेवलात तर वर्षभरात ठिगळ लावावं लागेल.

मागणी लेखी घ्या. माप, रंग, ओळींतलं अंतर, तारीख आणि माल परत आला तर गाडीभाडं कुणाचं, एवढं कागदावर हवंच. फेअर ट्रेडच्या, म्हणजे कारागिराला रास्त दाम देणाऱ्या व्यापाराच्या, जागतिक संघटनेच्या तत्त्वांनुसार हस्तकलेच्या मालावर, मागितली तर, खरेदीदाराने किमान 50 टक्के आगाऊ रक्कम बिनव्याजी द्यायची असते. ती मागायला लाजू नका. आगाऊ मिळाली नाही तर दोऱ्याचे पैसे उसनवारीने येतात आणि मजुरीतला वाटा व्याजात जातो.

तारखेचं मात्र नीट बघा. गोधडी खपते थंडीत, म्हणून व्यापारी दसऱ्यानंतर माल मागतो. नेमकं तेव्हाच कापूस वेचणीला येतो आणि बीडकडच्या बायका ऊसतोडीला निघालेल्या असतात. शिवण चैत्र-वैशाखात उरका आणि आगाऊ तेव्हाच घ्या. बाकीची रक्कम मृगाच्या आधी हातात आली तर बियाणं आणि पोरांच्या वह्या सावकाराकडे न जाता होतात. पावसाळ्यात तयार माल जमिनीवर रचू नका, बाजेवर किंवा फळीवर ठेवा. उघडीप पडली की उन्हं दाखवा, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत.

पैसे ज्या त्या बाईच्या स्वतःच्या खात्यावर जावेत, अध्यक्षांच्या किंवा नवऱ्याच्या नव्हे. वहीत नाव, तास, मीटर आणि मिळालेली रक्कम एकाच ओळीत लिहा. जिला वाचता येत नाही तिला ती ओळ सगळ्यांसमोर वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या.