सोलापुरात हंगेरियन पियानोवादनाची मैफल कशी आखावी

एकाच वादकाने साथीशिवाय संपूर्ण मैफल पेलायची, ही प्रथा रूढ करण्यात हंगेरियन पियानोवादक-संगीतकार फ्रान्झ लिस्टचा मोठा वाटा आहे, त्यामुळे हंगेरियन मैफलीची सुरुवात त्याच्यापासूनच करावी असे कोणालाही वाटेल. माझे मत वेगळे आहे. सोलापूरच्या श्रोत्यांसमोर आधी हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकची १९१५ सालची 'रोमानियन लोकनृत्ये' ठेवावीत. सहा नृत्यांचा हा संच पाच-सहा मिनिटांत संपतो, आणि बार्टोकने गावोगाव फिरून गोळा केलेल्या या चाली, राम जोशींच्या गावात लावणी-पोवाडा ऐकत वाढलेल्या कानांना परक्या वाटत नाहीत.

त्यानंतर लिस्टची हंगेरियन रॅप्सोडी क्रमांक २ घ्यावी. तिचा पहिला भाग संथ आणि दुसरा वेगवान असल्याने विलंबित-द्रुताची सवय असलेला श्रोता वाट चुकत नाही. लिस्टने ज्याला हंगेरीचे लोकसंगीत मानले, ते बहुतांशी रोमा (जिप्सी) वादकांच्या ताफ्यांनी लोकप्रिय केलेले संगीत होते, तर बार्टोक आणि त्याचा सहकारी संगीतकार झोल्तान कोडाय यांनी खेड्यांतील जुन्या चाली वेगळ्या असल्याचे दाखवून दिले. निवेदकाने एवढे जरी सांगितले, तरी दोन्ही रचनांमधील अंतर श्रोत्यांना आपोआप ऐकू येते.

मध्यंतरानंतर ग्यॉर्गी लिगेटीच्या 'मूझिका रिचेरकाता' या अकरा तुकड्यांच्या संचामधील (१९५१–५३) तीन-चार तुकडे घ्यावेत. त्यातला पहिला तुकडा एकच स्वर निरनिराळ्या सप्तकांत घोळवत राहतो आणि दुसरा स्वर अगदी शेवटी येतो. पुढच्या प्रत्येक तुकड्यात एकेक स्वर वाढत जाऊन अकराव्यात बारा स्वर पूर्ण होतात. ग्यॉर्गी कुर्तागच्या 'याटेकोक'मधील अगदी छोटे तुकडे मात्र सलग वाजवावेत आणि मध्ये टाळ्या नकोत, ही विनंती आधीच करावी.

परवानगीचा प्रश्न सोपा आहे. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. त्यामुळे लिस्ट (मृत्यू १८८६) आणि बार्टोक (१९४५) यांच्या मूळ रचना मुक्त आहेत, लिगेटी (२००६) आणि कुर्ताग यांच्यासाठी मात्र परवाना काढावा लागतो.

खरी कसोटी पियानोची. सात फुटी ग्रँड पियानो ३५० ते ४०० किलो भरतो, पाय काढून आडवा न्यावा लागतो, आणि पुण्या-मुंबईहून आणला तर प्रवासानंतर सुरांत राहील याची खात्री नसते. म्हणून तो निदान एक दिवस आधी मंचावर पोहोचावा, सभागृहाच्या हवेत स्थिरावू द्यावा आणि मैफलीच्या दिवशी पुन्हा जुळवून घ्यावा. जुळवणीच्या वेळी वातानुकूलन प्रयोगाच्या वेळेसारखेच सुरू असावे, पण वाऱ्याचा झोत थेट वाद्यावर नसावा. एप्रिल-मेचा सोलापुरी उन्हाळा टाळावा, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असल्याने त्या दिवसांत तारीख धरू नये, नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम.

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात ध्वनिवर्धक लावण्याचा आग्रह होईल. पियानोचे झाकण पूर्ण उघडून, शेवटच्या रांगेत बसून आधी ऐकावे. गरज भासली तरच माइक लावावा, कारण लिगेटीतील हळू स्वर ध्वनिवर्धकातून सपाट होतात. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचे सत्कार मैफलीपूर्वी दहा मिनिटांत उरकावेत, मध्यंतरानंतर असा कोणताही समारंभ ठेवू नये, आणि शेवटी वादकाच्या खांद्यावर चादर घालायची असेल, तर ती पुनर्वादनाची फर्माईश पुरी झाल्यावरच घालावी.