धुपदाळला करकोचे बघायचेत? दहानंतरही थांबून राहा

बेळगावकडचे बरेच जण थंडीत घटप्रभा नदीवरच्या धुपदाळ जलाशयावर पहाटेच जातात आणि नऊ वाजता कंटाळून परततात. बदकं, बगळे, पाणकावळे तेवढ्यात दिसतातही. पण करकोच्यांसाठी (इंग्रजीत डेमॉइझेल क्रेन) ही वेळ चुकीची. मंगोलिया-मध्य आशियाकडून येणारे हे पक्षी सकाळी आजूबाजूच्या शेतांत हरभरा नाहीतर पडलेलं धान्य टिपत असतात. ऊन चढलं की थवेच्या थवे पाणी प्यायला आणि विसावायला काठावर उतरतात. आधी कर्र-कर्र आवाज ऐकू येतो, मग आभाळात रांग दिसते. राखाडी अंग, काळी मान आणि डोळ्यामागून मागे गेलेला पांढरा तुरा दिसला, की समजा तोच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. सकाळी पूर्वेच्या काठावर राहा, म्हणजे सूर्य पाठीशी येतो. समोर ऊन असेल तर सगळे पक्षी काळेच दिसतात. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुरे. त्याहून जास्त पटीची हातात हलते. कपडे मातकट रंगाचे घाला, लाल जर्किन घरीच ठेवा.

पाणी ओसरलेल्या काठावर वरून भेगाळलेली माती कोरडी वाटते, आत मात्र चिखल असतो. पाय टाकण्याआधी काठीने चाचपून बघा.

रेल्वेने घटप्रभा स्टेशनला उतरून रिक्षा करता येते. गोकाकचा धबधबा जवळच आहे, पण थंडीत त्याला पाणी बेताचंच. तो पावसाळ्यासाठी राखून ठेवा. करदंट ही गोकाकची मिठाई मात्र बारमाही मिळते.