फुफ्फुसाच्या कॅन्सरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा फुफ्फुसाचा कॅन्सर, असेल तर रिपोर्टमध्ये पेशींच्या रचनेचे पॅटर्न "ॲसिनार ६०, लेपिडिक १५, सॉलिड २५ टक्के" असे लिहिलेले असतात आणि बहुतेक जण पहिला शब्द वाचून थांबतात. सगळ्यात मोठी चूक हीच. ॲसिनार जास्त आहे म्हणजे मध्यम ग्रेड (कॅन्सर दिसायला किती आक्रमक आहे त्याची पायरी) असेल असं वाटतं, पण इथे खरी बातमी त्या २५ टक्क्यांत आहे.

पॅटर्न म्हणजे कॅन्सरच्या पेशी मायक्रोस्कोपखाली कशा रचलेल्या दिसतात ते. लेपिडिकमध्ये त्या हवेच्या पिशव्यांच्या भिंतीला धरून पसरतात, भिंत मोडत नाहीत, म्हणून तो सगळ्यात सौम्य. ॲसिनार आणि पॅपिलरी मधले. मायक्रोपॅपिलरीत पेशींचे बारीक झुबके मधल्या देठाशिवाय सुटे पडलेले असतात, सॉलिडमध्ये ग्रंथींची रचनाच उरत नाही नुसता पेशींचा थर, आणि क्रिब्रिफॉर्म म्हणजे चाळणीसारखी भोकं, हे तिन्ही वाईट बाजूचे. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात आलेली ग्रेडिंग अशी आहे की हे वाईट पॅटर्न एकत्र मिळून २० टक्के किंवा जास्त असले की ग्रेड ३, मग बाकी ८० टक्के काहीही असो. त्याखाली असतील तर लेपिडिक प्रामुख्याने असेल तर ग्रेड १, ॲसिनार किंवा पॅपिलरी असेल तर ग्रेड २. त्यामुळे वरच्या उदाहरणातली गाठ सरळ ग्रेड ३. रिपोर्टमध्ये नुसतंच "मॉडरेटली डिफरन्शिएटेड" (म्हणजे मध्यम) लिहिलं असेल आणि टक्केवारी नसेल तर पॅथॉलॉजिस्टकडून टक्केवारी मागून घ्या, त्यात संकोच कसला.

बरं, हे सगळं फक्त ऑपरेशनने पूर्ण काढलेल्या नॉन-म्युसिनस (चिकट म्युसिन न बनवणाऱ्या) अ‍ॅडिनोकार्सिनोमासाठी आहे. स्क्वॅमस किंवा स्मॉल सेल या दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर असेल तर ही ग्रेड लागूच नाही. सुईने काढलेल्या बायोप्सीवरूनही ग्रेड ठरवायची नाही कारण तो बारीकसा तुकडा असतो, त्यात सॉलिड भाग आला नाही म्हणजे गाठीत तो नाही असं होत नाही.

दुसरी गडबड ग्रेड आणि स्टेजची. लोक "ग्रेड ३" वाचून "तिसरी स्टेज" समजतात आणि घरात रडारड सुरू होते. स्टेज म्हणजे कॅन्सर किती मोठा आणि कुठवर गेलाय, ग्रेड म्हणजे तो दिसायला किती आक्रमक आहे. पहिल्या स्टेजची गाठ ग्रेड ३ असू शकते, आणि पुढचं भवितव्य सांगताना स्टेजचं वजन सहसा जास्त असतं.

साइजच्या बाबतीतही घोळ होतो. सीटीवर अडीच सेंटीमीटर आणि रिपोर्टमध्ये टी स्टेजसाठी (स्टेजमधला मूळ गाठीचा भाग) एकच, मग लॅबने चूक केली म्हणून भांडायला जाऊ नका. नॉन-म्युसिनस गाठीत लेपिडिक भाग असेल तर तो सोडून फक्त आत घुसलेला भाग मोजतात. ३ सेंटीमीटरपर्यंतची गाठ पूर्ण लेपिडिक असेल, किंवा घुसलेला भाग ५ मिलिमीटरच्या आत असेल आणि बाकीचे धोक्याचे निकषही नसतील, तर पूर्ण काढल्यावर त्या कॅन्सरने दगावण्याची शक्यता जवळजवळ नसते.

"एसटीएएस" ही चार अक्षरं मात्र नजरेतून सुटू देऊ नका, गाठीच्या कडेबाहेर हवेच्या पिशव्यांत पेशी सापडल्या असा त्याचा अर्थ, आणि पूर्ण लोब (फुफ्फुसाचा एक मोठा भाग) न काढता छोटा तुकडाच काढला असेल तर परत येण्याचा धोका वाढतो. सर्जनला हे स्पष्ट विचारा. ईजीएफआर, एएलके, पीडी-एल१ या औषध निवडण्यासाठीच्या टेस्ट मात्र वेगळ्या, पॅटर्न बघून त्यांचा निकाल ठरवता येत नाही.

ऑपरेशनआधी केमो किंवा इम्युनोथेरपी झाली असेल तर पॅटर्नची टक्केवारी शोधत बसू नका, तिथे किती टक्के कॅन्सर जिवंत उरला तो आकडा बघायचा, १० किंवा त्याखाली असेल तर औषधाने चांगलं काम केलंय.