पिवळ्या सारासेनियाचे बी कसे रुजवावे

अमेरिकेच्या आग्नेय भागात, लाँगलीफ पाइनच्या विरळ आणि पाणथळ वनांत, सारासेनिया फ्लावा ही बहुवर्षायू कीटकभक्षी वनस्पती उगवते. मी नॉर्थ कॅरोलायनात ती बियांपासून वाढवतो. बी रोपवाटिकेतून घ्यावे, रानातून मुळीच आणू नये. एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेल्या या वनांचा आता फार थोडा भाग उरला आहे.

कुंडीत पीट मॉस (दलदलीत अर्धवट कुजलेले शेवाळ) आणि परलाइट (हलके, पांढरे खनिज खडे) निम्मे-निम्मे भरावे. दोन्ही बिनखताचे असावेत.

खरी अडचण बी जागे करण्यात आहे. कास पठारावरची दवबिंदू (ड्रॉसेरा) ही कीटकभक्षी वनस्पती पाहत वाढलेल्या माणसाला पाऊस पडला की बी रुजते एवढेच ठाऊक असते. या झाडाचे बी मात्र शरद ऋतूत गळते आणि ओल्या थंडीत हिवाळा काढल्यावरच उगवते. हे न कळल्यामुळे पहिल्या वर्षी मी मे महिन्यात बी थेट पेरले. दोन महिन्यांनी कुंडीत हिरव्या शेवाळाखेरीज काहीही नव्हते. ‘रात्रभर कोमट पाण्यात भिजवले की पुरते’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा आहे.

बी जेमतेम दोन मिलिमीटरचे असते आणि त्याच्या मेणचट सालीमुळे ते पाण्यावर तरंगत राहते. म्हणून पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एकच थेंब टाकून ते बुडेपर्यंत हलवावे, मग स्वच्छ धुवावे. स्फॅग्नम मॉस (दलदलीतले वाळवलेले शेवाळ) भिजवून मुठीत घट्ट पिळावे. आणखी दाबले तरी थेंब गळू नये. दुसऱ्या वर्षी मी ते चिंब ठेवले आणि तीन आठवड्यांत सगळ्या बियांवर करडी बुरशी चढली. पिळलेल्या मॉसमध्ये बी मिसळून, पिशवीवर तारीख लिहून ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सहा आठवडे ठेवावी. चार आठवड्यांनीही काही बी उगवते, परंतु मी सहापेक्षा कमी कधीच ठेवत नाही. पिशवी फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये, कारण ही थंडी गोठवण्यासाठी नसते. दर आठवड्याला पिशवी उघडून पाहावी.

त्यानंतर बी मातीवर नुसते पसरावे. ते झाकू नये, कारण त्याला उजेड लागतो. कुंडी उबदार, उजेडाच्या जागी ठेवावी आणि खालच्या ट्रेमध्ये पावसाचे किंवा आरओचे पाणी सतत राहू द्यावे. नळाच्या पाण्यातील क्षार मातीत साठून रोपे मरतात. साधारण तीन-चार आठवड्यांत दोन बारीक बीजपत्रे दिसतात आणि त्यांच्यामागून येणारे पहिलेच पान नखाहूनही लहान, पण आतून पोकळ असे तुतारीच्या घाटाचे असते.

खत घालू नये. नत्राची उणीव ही पाने कीटकांवर भागवतात. वर्षभराने रोपे वेगळी लावावीत. फूल यायला चार-पाच वर्षे लागतात आणि तोवर दर हिवाळ्यात कुंडी थंडीतच ठेवावी.