पाटणादेवीला दुसऱ्यांदा जाताना: कन्हेरगड आणि पितळखोऱ्याची दोन दिवसांची आखणी

पाटणादेवीची पहिली खेप बहुतेकांची सारखीच होते. श्रावणात किंवा नवरात्रात गाडी काढायची, चंडिकादेवीचं दर्शन घ्यायचं, धवलतीर्थाच्या धबधब्याखाली भिजायचं, झाडाखाली डबा सोडायचा आणि अंधार पडायच्या आत चाळीसगावला परत. दिवस छान जातो, पण डोंगर राहूनच जातो. देवळाच्या तिन्ही बाजूंना सातमाळ्याची रांग उभी आहे. त्यात कन्हेरगड, त्याच्या अंगावर लेणी, पलीकडच्या खोऱ्यात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. दुसरी खेप या राहिलेल्या डोंगरासाठी करा, आणि ऋतू बदलून करा.

आमच्या मते नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेच्या वर गेलेलं असतं, पायवाट दिसत नाही आणि ऊन पावसाळ्यापेक्षा जास्त भाजतं. फेब्रुवारीनंतर झाडं उघडी पडतात, सावली संपते. एप्रिल-मे तर खानदेशात गड चढायचे महिने नव्हेतच. पावसाळ्यात जायचंच असेल तर गड सोडा आणि डोंगरी नदीला हलक्यात घेऊ नका. 2021 च्या ऑगस्टअखेरीस एका रात्रीच्या पावसाने डोंगरी आणि तितूर दोन्ही नद्या चाळीसगावात शिरल्या आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. कारण साधं आहे: कड्यावरचं सगळं पाणी थोड्या अंतरात खाली उतरतं. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असतं आणि वर पठारावर पडलेला पाऊस नाल्यातून तुमच्याकडे येत असतो. पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा वाहत आला की त्याच क्षणी काठ गाठा. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर ओलांडायचं नाही, ओसरेपर्यंत बसून राहायचं.

निघण्याआधी एक काम घरबसल्या करा. मागच्या खेपेचे मोबाईलमधले फोटो उघडा. प्रत्येक फोटोवर वेळ असते. नाक्यावरचा फोटो, देवळाचा फोटो, धबधब्याचा फोटो यांच्यातलं अंतर काढलं की तुमचा गट खरोखर किती वेगाने चालतो ते कळतं. माणसं मनात जो वेळ धरतात, त्याच्या दीडपट तरी तो निघतो. नवी आखणी त्याच वेगावर करा. सोबत लहान मुलं किंवा साठीच्या पुढचं कोणी असेल तर गडाच्या दिवशी दुसरं काहीच ठेवू नका.

चाळीसगाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावर आहे आणि तिथून पाटणादेवी साधारण 18 किलोमीटर. आदल्या रात्री चाळीसगावात मुक्काम करावा. सकाळी तिथूनच निघालं की उन्हाच्या आत चढाई होते. हा सगळा भाग गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येतो. वनविभागाच्या नाक्यावर नोंद करा, शुल्काची पावती जपून ठेवा आणि त्या दिवशी कोणती वाट खुली आहे ते तिथेच विचारा. गडासाठी वाटाड्या गावातलाच घ्या. रानात ढोरवाटा इतक्या फुटतात की सरावाचा माणूसही चुकीच्या नाळेत शिरतो. पैसे आधी ठरवा आणि त्याच्या खाण्यापाण्याची सोय आपल्यासोबत ठेवा.

पहिला दिवस कन्हेरगडाचा. थेट देवीला न जाता आधी गडाच्या पायथ्याच्या महादेव मंदिरापाशी थांबा. पहिल्या खेपेत गाडी इथून पुढे निघून जाते, म्हणून हे देऊळ मुद्दाम बघायचं. बाराव्या शतकातलं, निकुंभ राजांच्या काळातलं काम आहे. बाहेरच्या भिंतीवरचे थर कोवळ्या तिरक्या उन्हात जितके उठून दिसतात तितके दुपारी दिसत नाहीत. अर्धा तास द्या आणि साडेसातच्या आत चढायला लागा.

वाट झाडीतून वर जाते आणि आधी नागार्जुन लेण्यापाशी येते. हे जैन लेणं आहे, आत तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. तिथून जवळच सीतेची न्हाणी नावाचं दुसरं लेणं. पुढे कातळ आणि मुरमाचा चढ पार करून माथा. नेहमी चालणाऱ्याला वर जायला तास-दीड तास पुरतो, थांबत गेलं तर दोन. माथ्यावर पाण्याची टाकी आणि पडक्या तटाचे अवशेष आहेत. टाक्यातलं पाणी पिऊ नका, बाटल्या खालूनच भरून आणा: थंडीत माणशी तीन लिटर, ऊन चढलं असेल तर चार. वरून पाटणची दरी नीट बघा, कारण खाली एके काळी नांदतं नगर होतं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. त्या मठाला दिलेल्या दानाचा 1207 चा शिलालेख याच पाटणचा, आणि त्याच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. आज खाली रान दिसतं, पण भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ शिकायला विद्यार्थी याच दरीत येत होते.

अपघात उतरताना होतात. सुट्या मुरमावर माणूस सरळ तोंडाने उतरतो, शरीर मागे झुकवतो आणि पाय पुढे निसटतो. उतरताना गुडघे किंचित वाकवा, वजन पुढच्या पायावर ठेवा, पाऊल आडवं टाका आणि एका वेळी एकानेच मुरमाचा पट्टा उतरा. वरच्या माणसाने पाडलेला दगड खालच्याला लागतो, म्हणून नाळेत एकाखाली एक थांबायचं नाही. बुटाचा तळ बोटाने चाचपून बघा. नक्षी गुळगुळीत झाली असेल तर ते बूट घरीच ठेवा. शृंगार चावडीचं लेणं बघायचं असेल तर वाटाड्याला सकाळीच सांगून ठेवा, ते दुसऱ्या अंगाला आहे. दुपारी दोनला तुम्ही जिथे असाल तिथून मागे फिरा, मग माथा गाठलेला असो वा नसो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत त्याच्या बराच आधी अंधारतं. हा बिबट्याचा मुलूख आहे, संध्याकाळी रानात रेंगाळायचं नाही.

हिवाळ्यात या रानात दोन गोष्टी छळतात: कुसळं आणि खाजकुइली. कुसळं मोज्यात शिरतात आणि प्रत्येक पावलाला आत रुततात. म्हणून सुळसुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट घाला, लोकरी किंवा सुती सैल मोजे नकोत. खाजकुइलीच्या शेंगा वाळल्या की त्यावरची तपकिरी लव वाऱ्यानेही उडते. अंगाला लागली की चोळू नका, चोळल्याने ती आणखी पसरते. चिकटपट्टी त्वचेवर दाबून ओढून काढा, दोन-चारदा नवी पट्टी घेऊन हेच करा, मग पाणी ओता. चिकटपट्टीची एक गुंडाळी पिशवीत असू द्या, तिचं वजन काहीच नाही.

आग्या मोहोळ ही त्याहून गंभीर गोष्ट. कड्यांवर आणि लेण्यांच्या कपारीत पोळी असतात. अत्तर, सेंट, उदबत्ती, सिगारेट, फटाके, मोठा आवाज, वर भिरकावलेला दगड यातलं काहीही नको. माश्या उठल्या तर हात हलवत बसू नका. तोंड-डोकं कपड्याने झाकून लांब पळा, दाट झुडपात किंवा गाडीत शिरा. काटा नखाने खरवडून काढा. ओठ-डोळे सुजू लागले किंवा श्वास लागला तर थेट 108 ला फोन करा. साप चावला तर आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिक हे सगळं टाळा. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून चाळीसगावच्या दवाखान्यात न्या. दरीत रेंज मिळेलच असं धरू नका, म्हणून किती वाजता परतणार ते घरी आणि नाक्यावर सांगून ठेवा.

खायला आपल्याकडच्या दशम्या सगळ्यांत उत्तम. दुधात मळलेल्या, गूळ घातलेल्या दशम्या थंडीत दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी घ्या. माणशी चार दशम्या, दोन केळी आणि मूठभर गूळ-शेंगदाणे एका दिवसाला पुरतात. ओआरएसची दोन पाकिटं ठेवा आणि पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात घाला. कमी पाण्यात दाट करून प्यायल्यास पोट बिघडतं. वानरांसमोर पिशवी उघडू नका.

दुसरा दिवस पितळखोऱ्याचा. रानातून चालत जायचं तर वनविभागाची परवानगी आणि वाटाड्या दोन्ही हवेत. कुटुंबासोबत असाल तर कन्नड घाट चढून कालीमठाकडच्या रस्त्याने पठारावरून जा. गाडी वर ठेवून पायऱ्या उतराव्या लागतात. म्हणजे इथे चढ शेवटी, दमल्यावर येतो, तेव्हा पाणी परतीसाठी राखून ठेवा. लेणी बौद्ध आहेत, सगळ्यांत जुनं काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. चैत्यगृहात, म्हणजे तीन क्रमांकाच्या लेण्यात, खांबांवरची चित्रं शोधा. टॉर्च थेट रंगांवर मारू नका आणि फ्लॅश बंद ठेवा. चौथ्या लेण्याच्या दाराशी द्वारपाल आणि हत्तींची रांग आहे. शिल्पाच्या अंगावर बाजूने उजेड टाकला तर वस्त्रांच्या चुण्यासुद्धा वाचता येतात. खडक ठिसूळ असल्याने दर्शनी भाग बराच कोसळला आहे, कठड्याच्या कडेला टेकू नका. ओढ्यापलीकडे स्तूपांची छोटी लेणी आहेत. बरेच जण ती न बघताच परततात, तुम्ही वेळ काढून जा. चार वाजेपर्यंत पायऱ्या चढायला लागा आणि उजेडातच घाट उतरा.