होमर वाचावा कसा?

ट्रॉयच्या युद्धावरचे होमरचे प्राचीन ग्रीक महाकाव्य इलियड मुकाट्याने वाचायला घेणारा बहुधा दुसऱ्या सर्गातील जहाजांच्या यादीत अडकतो; म्हणून पहिल्या वाचनात ती खुशाल ओलांडावी आणि सहाव्या सर्गात, शिरस्त्राणाला घाबरून रडणाऱ्या आपल्या लेकरासाठी ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर ते उतरवून जमिनीवर ठेवतो, तिथे थांबावे. वाचन मोठ्यानेच करावे. ‘चपळ पायांचा अकिलीस’ अशी पुन्हापुन्हा येणारी विशेषणे गाळू नयेत, कारण अशा ठरीव शब्दबंधांच्या आधारानेच मौखिक कवी छंद पेलतो. होमरचे अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील गायकांचे गायन ध्वनिमुद्रित करून हे ताडून पाहिले. तुळजापूरकडचे, संबळाच्या तालावर आख्यान लावणारे गोंधळी ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे वेगळे पटवावे लागणार नाही. ट्रॉय जिंकून देणारा लाकडी घोडा मात्र इलियडमध्ये शोधू नये. तो होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीच्या आठव्या सर्गात भेटतो.